एल्फांचं मूळ कुठलं? कल्पित जगातल्या लोकांचा माग काढायची कोकणी रीत

कोकणात अनोळखी माणूस वाडीत शिरला की ओटीवरून पहिला प्रश्न येतो, "खंयचो रे तू? कोणाचो झील?" (कुठला रे तू? कुणाचा मुलगा?) नुसतं गावाचं नाव सांगून सुटका होत नाही. वाडी कुठली, कुलदैवत कोणतं, शिमग्याला पालखी तुमच्याकडे कितव्या दिवशी येते, आजोळ कुठलं, असं विचारत विचारत पाचव्या-सहाव्या प्रश्नाला ती आजी तुमच्या पणजोबांपाशी पोचलेली असते. हातात कागद नाही, पोथी नाही. आज दिसणाऱ्या खुणांवरून मागे मागे जायचं, एवढंच ती करते.

कल्पित जग रचणाऱ्यांना मला हीच पद्धत सांगायची आहे. पावसाळ्यात लावणी आटोपली की आमच्या घरी पाच-सहा जण फासे आणि नकाशे घेऊन बसतात. कुणी खेळासाठी जग रचतं (प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फाशांवर गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ), कुणी कादंबरीसाठी. जवळजवळ प्रत्येकाच्या जगात एल्फ असतात, म्हणजे पाश्चात्त्य कथांतले रानात राहणारे, शेकडो वर्षं जगणारे कल्पित लोक, आणि वहीत पहिल्या पानावर एक वाक्य असतं: "एल्फ लोक अनादी काळापासून या अरण्यात राहत आले आहेत." त्या वाक्यानंतर एल्फांबद्दल विचारण्यासारखं काही उरतच नाही. अनादी काळापासून कुणीच कुठे राहत नाही. कुणीतरी येतं, कुणाला तरी हटवतं, कुणाशी सोयरीक करतं, आणि मग "आम्ही इथलेच" म्हणतं. या चार गोष्टी कोणत्या क्रमाने घडल्या, ते शोधायचं.

आधी शब्दाचा निकाल लावा

एल्फ म्हणायचं की यक्ष, गंधर्व म्हणायचं? माझं मत सरळ आहे. यक्ष म्हटलं की कुबेर आला, गंधर्व म्हटलं की गायन आलं, देवसभा आली. या शब्दांबरोबर त्यांची स्वतःची उत्पत्तीही येते आणि ती तुमच्या जगात फिट बसेलच असं नाही. "एल्फ" हा शब्दही कोरा नाही, पण त्याचा प्रवास फार शिकवणारा आहे.

स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेत ते "आल्फ". तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन याने त्यांचे दोन वर्ग नोंदवले: प्रकाशातले, सूर्यापेक्षा देखणे, आणि जमिनीखाली राहणारे, डांबरापेक्षा काळे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनमधून प्रवास करणाऱ्या, नॉर्वेच्या राजाच्या एका दरबारी कवीला रात्रीच्या मुक्कामाला घरं मिळाली नाहीत, कारण घराघरांत आल्फांचा बळी-विधी चालू होता आणि परक्याला आत घेत नव्हते. म्हणजे तिथे आल्फ घरचं दैवत होतं. इंग्लंडमध्ये मात्र वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत एल्फ आजार आणतात, तरीही तिथला एक थोर राजा अल्फ्रेड (कारकीर्द ८७१ ते ८९९), आणि त्याच्या नावाचा अर्थ "एल्फांची मसलत". जर्मन भाषेत वाईट स्वप्नाला जो शब्द आहे, "आल्पट्राउम", त्यातही तोच आल्फ बसला आहे. आयर्लंडच्या कथेत तुआथा दे दानन हे तेजस्वी लोक नव्याने आलेल्यांकडून हरले आणि टेकड्यांच्या पोटात राहायला गेले.

एकच शब्द, आणि कुठे देव, कुठे रोग, कुठे बाळाचं नाव. आयर्लंडची गोष्ट वेगळ्या शब्दाची, वेगळ्या लोकांची आहे, पण तिच्यातला धागा मला सगळ्यांत कामाचा वाटतो: हरलेले लोक "अदृश्य" होतात. तुमच्या जगातली माणसं एल्फांना गूढ का म्हणतात, याचं उत्तर कदाचित तिथेच आहे. त्यांना कुणीतरी आडबाजूला ढकललं होतं.

वहीत एवढंच लिहा: शेजारची माणसं एल्फांना काय म्हणतात, एल्फ स्वतःला काय म्हणवतात, आणि दोन्हींत शिवी कोणती आहे.

आजच्या दिवसापासून सुरुवात करा

जगाच्या निर्मितीपासून लिहायला बसू नका. एक एल्फ गाव घ्या आणि त्याच्या मोठ्या सणाचा एक दिवस लिहा. पहिला नारळ कोण ठेवतं? देवाला गाऱ्हाणं कोण घालतं? प्रसाद कुणाला आधी मिळतो आणि कोण बांधावर उभं राहून वाट बघतं?

आमच्याकडे गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रीतीत, मान ठरलेले असतात. बारा-पाच मानकऱ्यांच्या देवस्थानात कुणाचा मान कुठला, यावरून गावात भांडणं होतात, वर्षानुवर्षं पालखी बंद राहते, पण मान कुणी सोडत नाही. कारण मान म्हणजे "आम्ही आधी आलो" ही तोंडी नोंद. आणि त्यातली सगळ्यांत लक्ष देण्यासारखी गोष्ट ही, की पुष्कळदा गावात दुबळ्या असलेल्या एखाद्या घराकडे एखादा छोटा पण न टळणारा मान असतो. बाकी सगळं गेलं, एवढं राहिलं. तुमच्या एल्फांच्या सणात असं एक घर ठेवा. राजा सुवर्णवृक्षाखाली बसतो, पण वृक्षाला पाणी आधी एक कोळशाची भट्टी लावणारी बाई घालते, आणि का, ते कुणाला सांगता येत नाही. तुमच्या शोधाची पहिली दिशा तुम्हाला मिळाली.

मग शब्द. इथे वेळ काढा

भाषा रचायची म्हणजे व्याकरणाचा ग्रंथ लिहायचा असं नाही. तीन बोली आणि वीस शब्द पुरेत. मी माझ्या जगातलं उदाहरण देतो. किनाऱ्याचं नाव वेंगार. तिथे एल्फांचे तीन समाज आहेत: घाटाच्या रानातले, सड्यावरचे (सडा म्हणजे कातळाचा उघडा माळ) आणि खाडीतले. ते एकमेकांना भाऊ मानत नाहीत, सोयरीक करत नाहीत. स्वतःला मात्र रानातले "ओवेर" म्हणतात, सड्यावरचे "ओहेर", खाडीतले "ओर". मिठाला रानात "केवम", सड्यावर "केहम", खाडीत "केम".

नियम दिसला का? रानात "व" टिकला, सड्यावर त्याचा "ह" झाला, खाडीत तो गळला. असा एकच नियम ठरवा आणि वीसही शब्दांना कडकपणे लावा. एवढ्याने तिघांचं मूळ एक, हे सिद्ध होतं. मिठाचा शब्द रानातल्यांकडेही आहे आणि तोही नियमात बसतो, म्हणजे तो कालपरवा व्यापाऱ्याकडून उचललेला नाही. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांच्या पूर्वजांना मीठ घरचं होतं.

इथे एक चूक फार जण करतात. रानातल्यांनी जुना उच्चार जपला, म्हणून रान हेच मूळ घर, असं ठरवून टाकतात. आडवाटेला राहिलेल्या लोकांची भाषा हळू बदलते, एवढाच त्याचा अर्थ. उच्चार कुठे टिकला यावरून घर कुठे होतं, ते कळत नाही.

घर कळतं ते अर्थावरून. माझ्या जगात खाडीतले होडीला "लूर" म्हणतात. सड्यावर "लहूर" म्हणजे बाळाचा पाळणा. रानात "लवूर" म्हणजे मधमाश्यांसाठी कोरलेला ओंडका. शब्द एक, आणि तिन्ही वस्तू पोकळ लाकडाच्या. हे मला आपल्याच भाषेने सुचवलं. गुरांना पाणी पाजायची डोण आणि पाण्यावर चालणारी डोणी एकमेकींच्या किती जवळ आहेत, बघा. आता विचार करा, पाळण्याला होडीचं नाव देणारे लोक कसे आले असतील? मी इथे बरेच दिवस थांबलो होतो, आणि मग एक चित्र दिसलं: किनाऱ्याला लागल्यावर होड्या सड्यावर ओढून नेल्या, उलट्या करून छप्पर केलं, आणि त्यातली लहान होती तिच्यात मुलं निजवली.

उसना शब्द ओळखण्याचीही खूण ठेवा. खाडीच्या बोलीत "व" राहतच नाही, आणि तरी तिथे पुजाऱ्याला "मेवर" म्हणतात. म्हणजे शब्द रानातून आला, आणि बहुतेक पुजारीही. आपल्याकडे बटाटा, अननस, काजू हे शब्द पोर्तुगिजांबरोबर आले, कारण ती पिकंच त्यांनी अमेरिकेतून आणली. पगार, चावी, घमेलं, लिलाव हेही त्यांचेच. वस्तू नवी असली की शब्द उसना येतो, पण चावीसारखा शब्द येतो तेव्हा नुसती वस्तू नाही, कुणाची तरी सत्ता किंवा चाकरी मागे असते. तुमच्या एल्फांनी लोखंडाचा शब्द कुणाकडून घेतला आणि कर्जाचा कुणाकडून, हे ठरवा. दोन शब्दांत एक शतक मावतं.

आणि भाषा किती चिवट असते ते पाहायचं तर रेवदंड्याजवळच्या कोर्लईला जा. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले. पण गावातली काहीशे माणसं आजही पोर्तुगीजपासून घडलेली बोली घरात बोलतात. तिला ती "नौ लिंग", म्हणजे आपली भाषा, म्हणतात. चहूबाजूंनी मराठी, राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं, आणि चुलीपाशी बोली जिवंत. तुमच्या नकाशावर असं एक गाव असायलाच हवं.

नकाशा: वारा आणि बुडालेली जमीन

बाण काढून "इकडून तिकडे आले" असं दाखवण्याआधी वारा ठरवा. आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं शिडाची जहाजं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या आधाराने पश्चिमेकडून यायची आणि परतीला ईशान्य वाऱ्याची वाट बघायची. वाट बघणारा माणूस महिनोन्‌महिने बंदरात राहतो, घर करतो, लग्न करतो. स्थलांतर म्हणजे सैन्याची मोहीमच असली पाहिजे असं नाही. चुकलेला हंगामही पुरतो.

बंदरांना नावांची साखळी द्या. आपलं चौल ग्रीक लेखकांच्या लिखाणात सिमिल्ला आहे, अरबांच्या लिखाणात सैमूर. एल्फांच्या एका शहराची अशी तीन नावं लिहा, तीन परक्यांच्या तोंडची. त्यांतून त्या शहराकडे कोण कोण आलं, ते आपोआप दिसतं.

आणि समुद्र स्थिर धरू नका. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. म्हणजे कोकणची किनाररेषा कित्येक किलोमीटर पश्चिमेला होती आणि आज जिथे ट्रॉलर फिरतात तिथे कोरडी जमीन होती. तुमच्या एल्फांचं "पश्चिमेचं हरवलेलं बेट" जादूने बुडवायची गरज नाही. हळूहळू, पिढीमागून पिढी, भरतीची रेषा अंगणापर्यंत येऊ द्या. ते जास्त दुःखाचं आहे.

सगळं विसरल्यावर काय उरतं

अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायली समाजाचं, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं, मूळ सांगतात. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. पुढे हे लोक तेलाचा घाणा चालवू लागले, मराठी बोलू लागले, रोह्याचे रोहेकर आणि पेणचे पेणकर झाले. धर्मग्रंथ जवळ नव्हते. राहिलं काय? शनिवारी घाणा बंद ठेवणं, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. खाण्यापिण्याचे काही नियम, मुलांची सुंता, आणि "शेमा" ही एक प्रार्थना. पुढे बाहेरच्या ज्यू लोकांशी गाठ पडली तेव्हा याच थोड्या खुणांवरून ओळख पटली.

हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. माणसं भाषा, पोथी, पेहराव सगळं सोडतात आणि आठवड्यातला एक दिवस धरून ठेवतात. तुमच्या एल्फांसाठी हेच करा: त्यांच्याकडून सगळं काढून घ्या आणि एक दिवस, एक न खाण्याचा पदार्थ, एक न समजणारी ओळ एवढंच ठेवा. माझ्या सड्यावरच्या ओहेर लोकांकडे बाळाच्या बारशाला पाळण्याखाली पाणी शिंपडतात आणि म्हणतात, "लहूर, तळ धर." याचा अर्थ त्यांना माहीत नाही. खाडीतला कुठलाही नाखवा सांगेल, ही होडी पाण्यात लोटतानाची ओळ आहे.

दीर्घायुष्याचा पेच

मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं ते या पायरीने, आणि बहुतेक जगं इथेच ढासळतात.

माणसांच्या समाजात मूळकथा धूसर का असते? समजा ८० वर्षांच्या आजीने दहा वर्षांच्या नातवाला गोष्ट सांगितली, त्याने ऐंशीव्या वर्षी पुढच्याला. एक दुवा साधारण ७० वर्षांचा. तीन हजार वर्षं मागे जायला चाळीसहून जास्त तोंडं लागतात, आणि प्रत्येक तोंड थोडं बदल करतं. एल्फ ९०० वर्षं जगतात असं धरलं आणि पन्नाशीतल्या पोराने म्हाताऱ्याकडून ऐकलं, तर एक दुवा साडेआठशे वर्षांचा. तीन हजार वर्षांना चार तोंडं पुरतात. चार तोंडांत दंतकथा कशी तयार होईल? आणि अमर एल्फ असतील तर विचारूच नका, ज्याला मूळ विचारायचं तो समोर बसला आहे.

म्हणून विसरण्याचं कारण तुम्हाला द्यावं लागेल, आणि ते जड असावं लागेल. साथीत किंवा युद्धात सगळे वृद्ध एकाच हंगामात गेले, हा एक मार्ग. मेलेल्यांचं नाव घ्यायचं नाही अशी रीत, हा दुसरा. शंभर माणसं घेऊन निघालेल्या होडीतून चाळीसच उतरली असतील आणि साठांचं काय झालं हे बोलायचं नाही असं ठरलं असेल, तर पुढच्या पिढीला "आम्ही इथलेच" याखेरीज काय सांगणार?

पण माझ्या मते सगळ्यांत कसदार मार्ग वेगळा आहे. साक्षीदार जिवंत ठेवा, तीन ठेवा, आणि तिघांना वेगळं आठवू द्या. आठशे वर्षं एकच आठवण मनात घोळवली की ती मूळ घटनेची राहत नाही, शेवटच्या वेळी आठवली त्याची होते. हे आपल्या घरातही दिसतं. सातबाऱ्यावरच्या एका जुन्या वाटणीबद्दल तीन भावंडं, तिघंही त्या दिवशी माजघरात हजर, आणि तिघंही देवाला हात लावून तीन गोष्टी सांगतात. कुणी खोटं बोलत नसतं. एल्फांत हे हजारपटीने असणार. मग शोध घेणाऱ्या पात्राला पोथी हुडकायची नसते, तीन म्हाताऱ्यांच्या ओटीवर बसावं लागतं.

मूळकथा आता लिहा, आधी नाही

इतकं झाल्यावर प्रत्येक समाजाची उत्पत्तीकथा लिहा आणि प्रत्येक कथेला एकच प्रश्न विचारा: या गोष्टीने जमीन कुणाला मिळते?

परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण उभं राहिलं, ही कथा आपण सगळे ऐकत मोठे झालो. सह्याद्रिखंड या पुराणग्रंथात पुढे किनाऱ्याला लागलेल्या चौदा प्रेतांना त्याने जिवंत केल्याची कथा येते. नवगावच्या सात आणि सातांची बेरीजही चौदाच होते. या कथांवर माझी माया आहे, आणि म्हणूनच त्या काय करतात तेही नीट पाहावंसं वाटतं. समुद्रातून नवी निघालेली जमीन म्हणजे जिच्यावर आधी कुणी नव्हतं ती जमीन.

पण सड्यावर जा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जांभ्याच्या कातळावर कोरलेली शेकडो चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती इतका मोठा, की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हे कळत नाही. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कोरणारे कोण, कुठे गेले, त्यांची भाषा कोणती, यांतलं काहीही कुणाच्या कथेत उरलेलं नाही. कुणी केलं ते ठाऊक नसलं की आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत केलं असं म्हणायची पद्धत आहे.

तुमच्या एल्फांच्या खालीही असा एक थर असू द्या. "सर्वांत जुने लोक" ही पदवी त्यांच्याकडून काढून घ्या. त्यांच्या पवित्र सड्यावर अशी कोरीव रेघ असू द्या, जी त्यांच्या कुठल्याच देवाची नाही आणि जिच्यावरून चालताना ते कारण न कळता चपला काढतात. आणि सणाच्या दिवसातली ती कोळशाची भट्टीवाली बाई आठवा, वृक्षाला आधी पाणी घालणारी. ती कुणाची, हे आता तुम्हाला ठरवता येईल.

एक कागद मात्र वेगळा काढून ठेवा. त्यावर खरोखर काय घडलं ते लिहा, सालवारीसकट, दोन पानांपेक्षा जास्त नाही. तो खेळाडूंना दाखवायचा नाही, वाचकालाही नाही. तो नसेल तर तीन साक्षी तीन बाजूंना भरकटतील. तो असेल तर त्या एकाच गोष्टीभोवती फिरतील.

माझ्या कागदावरची एक ओळ सांगतो. वेंगारच्या खाडीत एक ओर म्हातारी आहे, आठशे नव्वद वर्षांची. त्या होड्यांतल्या एकीत ती सात वर्षांची होती. गेल्या श्रावणात आमच्या खेळातल्या एका मुलीचं पात्र, सड्यावरची ओहेर पोर, तिच्या ओटीवर जाऊन बसलं आणि बारशाची ती ओळ म्हणून दाखवली. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "तू कुणाच्या होडीतली गं?"